पायाला लागलेली सवय

डायलिसिस केंद्राची पांढरी व्हॅन सहा वर्षं एकच बाई चालवत होती. सगळे तिला ताई म्हणत, तिच्या वडिलांच्या वयाचे पेशंटसुद्धा. आठवड्यातून तीन दिवस सकाळी सहा जणांना घरून उचलायचं, केंद्रावर सोडायचं आणि चार तास मशिनला लागून पिळून काढलेल्या फडक्यासारखे होऊन ते बाहेर आले की एकेकाला पुन्हा दारापर्यंत पोचवायचं, हे तिचं काम. कोणाला मागची पायरी चढवत नाही, कोणाला परतताना मळमळतं, कोणाला वाटेत बोललेलं खपत नाही आणि कोण गप्प बसलं की रुसतं, हे तिला तोंडपाठ होतं.

उन्हाळ्यात परतीच्या फेरीला एसी लागायचाच. मशिनवरून उठलेल्या माणसाचा रक्तदाब आधीच खाली आलेला असतो. भर दुपारी तापलेल्या पत्र्याच्या गाडीत बसवलं तर तो तिथेच मान टाकायचा. म्हणून ताई पेशंट बाहेर यायच्या पाच मिनिटं आधीच गाडी सुरू करून आत गारवा करून ठेवायची.

त्या वर्षी ऊन वाढायला लागलं आणि व्हॅनला खोड जडली. पळत असताना काही नाही. पण सिग्नलला उभी राहिली आणि एसी चालू असला की बॉनेटखालून बारीकसा ‘टक्’ आवाज यायचा, म्हणजे एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाला जोडला जायचा, आणि त्याच क्षणी इंजिनाचा धीर सुटायचा. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा, आठशेवर असलेला काटा धाडकन पाचशेच्या खाली. स्टिअरिंग थरथरायचं, आरसा थरथरायचा, पुढच्या सीटवर बसणाऱ्या पेशंट मास्तरीणबाईंची पिशवी थरथरायची. कधी इंजिन सावरायचं, कधी बंद पडायचं. मागचे भोंगे बडवायला लागायचे.

केंद्राच्या गाड्या बघणारा एक मिस्त्री होता. चांगला माणूस, पण कामाचा डोंगर आणि जिभेला धार. ताईने गाडी नेली तेव्हा त्याने इंजिनात हवा घेणारा भाग उघडला. आत बोटभर काजळी होती. ती धुऊन काढली, प्लग बदलले, आणि ताईला सीटवर बसवून एसी लावायला सांगितलं. तो स्वतः बॉनेटखाली वाकून ऐकत राहिला. इंजिन गुण्यागोविंदाने चालू होतं. दोन दिवसांनी खोड परत आली. दुसऱ्या खेपेला त्याने हवेची नळी तपासली, बॅटरी तपासली, इंजिनाखालचे रबर हलवून बघितले. तिसऱ्या खेपेला मात्र तो वैतागला. गाडी यायची सकाळी सातला, फेरी सुरू व्हायच्या आधी, आणि तेव्हा ती देवासारखी शांत चालायची. ताई, तुमच्या मनात काहीतरी बसलंय, असं म्हणून त्याने कागदावर ‘दोष आढळला नाही’ असं लिहून दिलं.

मग ताईने आपला उपाय शोधला. गाडी थांबली की हँडब्रेक ओढायचा, उजवा पाय ब्रेकवरून काढून अ‍ॅक्सिलरेटरवर हलकेच टेकवायचा, आणि ‘टक्’ व्हायच्या बेतात आलं की किंचित दाबायचं. अगदी थोडं, अंड्यावर पाय ठेवल्यासारखं. इंजिन पडायच्या आधीच उचललं जायचं. पहिले आठ-दहा दिवस तिला लक्ष ठेवून हे करावं लागलं. मग पाय आपला आपण करायला लागला. ती पेशंटांपैकी टेलरकाकांशी गप्पा मारत असायची, आरशातून मागच्यांकडे बघत असायची, आणि खाली पाय आपलं काम करत असायचा. महिन्याभरात गाडी एकदाही बंद पडली नाही. तिला वाटलं, आहे, चाललंय, पावसाळ्यापर्यंत काढू.

मे महिन्यात तिच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. गाव दूर, तीन दिवसांची रजा. बदलीवर नाना येणार होते.

नाना एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. त्या एकतीस वर्षांत गाडीला ओरखडाही नाही, अशी त्यांची ख्याती होती आणि ती ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. कधी कोणी रजेवर गेलं की केंद्र त्यांना बोलवायचं आणि ते इस्त्रीचा शर्ट घालून दहा मिनिटं आधी हजर व्हायचे. रजेच्या आदल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये ताईने त्यांच्या हातात किल्ली दिली आणि सगळं समजावून सांगितलं. मास्तरीणबाईंना पुढच्या सीटवर बसवायचं. टेलरकाकांच्या डाव्या हाताला धरायचं नाही, त्या हातात मशिनसाठी शस्त्रक्रिया करून शीर तयार केलेली आहे. मागचा दरवाजा जरा उचलून लावायचा. एसीचं झाकण खालच्या बाजूला वळवायचं, नाहीतर कोणाच्या तरी कानाला गार वारा लागतो.

“आणि नाना, एक आहे,” ती म्हणाली, “गाडी उभी असताना एसी…”

नाना हसले. “पोरी, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी स्टिअरिंग धरतोय. आता एसी कसा लावायचा तेही शिकवणार का?”

ताईही हसली. हसण्यात ते वाक्य राहून गेलं. बसची वेळ होत आली होती, पाठीवर पिशवी होती, आणि खरं म्हणजे पुन्हा तो विषय काढायला तिला थोडं ओशाळल्यासारखंही झालं होतं. तीनदा तिचं म्हणणं मिस्त्रीने खोटं पाडलं होतं.

अपघात दुसऱ्या दिवशी झाला, दुपारी दीडच्या सुमारास. मोठ्या रस्त्यावरून उजवीकडे वळायचं होतं. नाना समोरची वाहनं जायची वाट बघत थांबले होते. मोकळी जागा दिसली, त्यांनी गाडी पुढे घेतली, स्टिअरिंग वळवलं, आणि रस्त्याच्या मधोमध इंजिन बंद पडलं. समोरून मालाचा टेम्पो येत होता. त्याने ब्रेक करकचून दाबले, तरी व्हॅनच्या मागच्या कुशीत त्याची धडक बसलीच. दोघांना सोडून झालं होतं, आत चार पेशंट होते. तिघांच्या जिवाचं नुसतं पाणी पाणी झालं. चौथे टेलरकाका. त्यांचा डावा हात सीट आणि दरवाजा यांच्यामध्ये सापडला. मनगट मोडलं, आणि त्याहून वाईट म्हणजे मशिनसाठी तयार केलेली ती शीर बंद पडली. डॉक्टरांना त्यांच्या मानेत नळी घालावी लागली. आता ते त्या नळीवर, आणि नवीन शीर तयार करायला दुसरा हात.

ताईला हे वडिलांच्या उशाशी बसली असताना फोनवर कळलं. फोन केंद्राच्या मॅडमचा होता. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई, केंद्र त्याच चालवत. त्यांनी आधी काय झालं ते सांगितलं, मग विचारलं, गाडीत काही होतं का?

 ताईच्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं, “मिस्त्रींनी तीनदा बघितली होती, मॅडम. काही नाही म्हणाले.”

यातला शब्द न शब्द खरा होता. फोन ठेवल्यावर ती किती तरी वेळ हातातल्या डोळ्याच्या थेंबांच्या बाटलीकडे बघत बसली.

ती परतली तोवर निकाल लागल्यासारखाच होता. तपासणीला आलेल्या माणसाने सकाळी आठला गाडी सुरू करून बघितली होती. इंजिन ठीक, ब्रेक ठीक. नाना पुन्हा पुन्हा सांगत होते की गाडी आपली आपण बंद पडली, मी काही केलं नाही. ऐकणारे मान डोलवत होते आणि त्यांच्या माघारी म्हणत होते, वय झालंय, क्लच सुटला असेल. मॅडमनी त्यांना यापुढे बोलावणार नसल्याचं कळवलं.  नानांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि पायी घरी गेले म्हणे.

घरी ताईने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो समजूतदार माणूस. तो म्हणाला की तू तीनदा तक्रार केलीस, त्यांनी लेखी दिलं, यात तुझं काय चुकलं? आणि तुला सांगायचं होतं, त्यांनीच ऐकून घेतलं नाही. त्याचं म्हणणं बरोबर वाटत होतं, पण भातात खडा लागावा तसं काहीतरी दाताखाली येत होतं. तिला रात्री जेवण जाईना. अंथरुणावर पडली की उजव्या पायाचा चवडा आखडायचा.

चौथ्या दिवशी ती भर दुपारी मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये गेली. व्हॅन तिथेच होती, मागची बाजू चेपलेली, काच नसलेली. मिस्त्रीचा चेहरा तिला बघून उतरला. पण आता या उन्हात, एसी लावून एकदा बघू या, असं ती म्हणाली तेव्हा त्याने नाही म्हटलं नाही. त्यालाही ते लागून राहिलं असावं.

ताई सीटवर बसली. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, एसी पूर्ण. मिस्त्री बॉनेटखाली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. टक्. इंजिन किंचित हललं आणि सरळ झालं. पुन्हा टक्, पुन्हा सरळ. हेडलाइट लावले, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं, तरी बंद पडायचं नाव नाही. पत्र्याच्या छपराखाली दोघं घामाने निथळत होते. ताईला रडू यायच्या बेतात होतं. आपल्याला भास होत होता की काय, असं पहिल्यांदाच तिच्या मनात आलं. आणि पाठोपाठ असंही आलं की भास असला तर किती बरं होईल.

मिस्त्री म्हणाला, थांबा, यंत्र जोडून आकडे बघू. आकडे दाखवणारं यंत्र जोडायची जागा स्टिअरिंगच्या खाली असते. तो दार उघडून गुडघ्यांवर बसला, डोकं आत घातलं, हाताने चाचपू लागला. मग त्याचा हात थांबला.

“ताई, तुमचा पाय कुठे आहे?”

“खाली आहे.”

“खाली कुठे?”

ताईने वाकून बघितलं. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता. तिने तो तिथे ठेवला नव्हता. निदान तिला तरी ठेवल्याचं आठवत नव्हतं. तेवढ्यात बॉनेटखाली टक् झालं, आणि दोघांच्याही डोळ्यांदेखत तो पाय नखभर खाली गेला.

मिस्त्री उठून उभा राहिला. मग म्हणाला, “दोन्ही पाय वर घ्या. मांडी घाला सीटवर.”

ताईने चपला काढल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर मांडी घालून बसली. एक मिनिट गेलं. टक्. इंजिन गचकलं, गाडी अंगात आल्यासारखी हलली आणि बंद पडली. त्यानंतरच्या शांततेत फक्त एसीच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

त्याने तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तेच. मग यंत्राच्या पडद्यावर त्याला दिसलं की एसी धडधडीत चालू असताना इंजिनाचा संगणक ‘एसी बंद’ असंच दाखवतोय. खरं तर एसीचं बटण दाबलं की आधी संगणकाला निरोप जातो, तो इंजिनाला थोडी जास्त हवा देतो, आणि मगच कॉम्प्रेसर जोडला जातो. इथे तो निरोपच पोचत नव्हता. तासाभराने सापडलं. बॅटरीच्या तबकाखालून जाणारी एक वायर पत्र्याला घासून आतल्या आत तुटली होती, वरून धडधाकट, आत हिरवा गंज. सकाळच्या गारव्यात कॉम्प्रेसरवर भार कमी, तेव्हा इंजिन कसंबसं ओढून न्यायचं. दुपारी नाही.

मिस्त्री टूलबॉक्सवर बसला. “मी तीनदा बघितली,” तो म्हणाला, “आणि तिन्ही वेळा सकाळच्या गारव्यात. एकदा दुपारी बघायला काय झालं होतं मला?”

ताईने चपला पायात सरकवल्या.

जरा वेळाने तो म्हणाला की मी लिहून देतो, वायर तुटली होती. नाना सुटतील. माझ्या नजरेतून सुटलं तेही लिहितो. मग आवाज खाली आणून म्हणाला, “तुमच्या पायाचं कुठे लिहायची गरज नाही. ते तुम्हाला माहीत, मला माहीत.”

तो कागद घेऊन ताई मॅडमकडे गेली. मॅडमनी तो दोनदा वाचला. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्याचं समोर दिसत होतं. म्हणजे कोणाचीच चूक नाही, एक वायर, त्या म्हणाल्या. नानांना आजच फोन करते. टेलरकाकांच्या घरीही सांगते.

ताईला तिथून उठता आलं असतं. खुर्ची मागे सरकवलीही होती तिने.

“मॅडम, मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“एसी लावला की गाडी बसते ते. मी पायाने सांभाळून घेत होते, दीड महिना. सवयच झाली होती. नानांना सांगायला लागले आणि सांगितलं नाही. आणि तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हाही नाही सांगितलं. ती चूक वायरची नाही.”

मॅडमनी कागद बाजूला ठेवला. मग विचारलं की तेव्हाच सांगितलं असतंस तर काय झालं असतं? ताई म्हणाली, तुम्ही गाडी उभी केली असती. भाड्याची गाडी येईपर्यंत दोन-चार दिवस पेशंटचे हाल झाले असते. एवढंच. हे बोलताना तिलाच ते किती छोटं आहे ते कळलं.

मॅडम तिला ओरडल्या नाहीत. त्यांनी पुढचं ठरेपर्यंत घरी राहायला सांगितलं आणि ती दाराशी पोचल्यावर म्हणाल्या की नानांना मी फोन करणार नाही, तूच जा.

नाना खिडकीपाशी खुर्चीवर बसले होते. अंगात बनियन, दाढी वाढलेली. ताईने त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. त्यांच्या बायकोने, काकूंनी, पाणी आणून दिलं आणि त्या दारातच उभ्या राहिल्या. ताईने उभ्यानेच सगळं सांगितलं, वायरचं, पायाचं, पार्किंगमधल्या त्या अर्ध्या वाक्याचं. नाना ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. सांगून झाल्यावर ती रडली नाही, कारण रडली असती तर त्यांना तिचीच समजूत काढावी लागली असती.

“म्हणजे मी क्लच सोडला नव्हता,” नाना म्हणाले.

“नाही.”

“मला वाटायला लागलं होतं की सोडला असेल.” ते स्वतःच्या पायांकडे बघत होते. “पहिल्या दिवशी मी छातीठोक सांगत होतो. चौथ्या दिवशी रात्री उठून इथे बसलो आणि फरशीवर पाय दाबून बघायला लागलो. वर, खाली. वर, खाली. आठवेचना. एवढी माणसं म्हणतायत, तर सोडला असेल.”

काकू दारातून म्हणाल्या की जेवत नव्हते हे.

ताई म्हणाली की मॅडम तुम्हाला पुन्हा बोलावणार आहेत. नानांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे तिला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं. मॅडमनी दोनदा फोन केला, त्यांनी दोन्ही वेळा गोड बोलून नकार दिला. नाव धुऊन निघालं, पण त्या आठ दिवसांत त्यांच्या आतलं काहीतरी उसवलं होतं ते शिवलं गेलं नाही. ताई निघाली तेव्हा मात्र ते जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, “मी हसलो नसतो तर तू सांगितलं असतंस.” ती म्हणाली, तुम्ही हसलात म्हणून नाही राहिलं, नाना. 

ताईला सहा आठवडे घरी बसावं लागलं. मग मॅडमनी तिला परत घेतलं, कारण पेशंटनीच तगादा लावला होता. केंद्रात नियम झाला की किल्ली देताना गाडीची प्रत्येक खोड वहीत लिहायची, मिस्त्रीने ‘दोष नाही’ म्हटलं असलं तरी. गाडी आता सिग्नलला घड्याळासारखी चालायची. ताई पाय ब्रेकवर ठेवायची आणि मनातल्या मनात त्याला तिथे धरून ठेवायची. टक् झालं की पोटरी अजूनही ताठ व्हायची.

टेलरकाकांकडे ती परत रुजू व्हायच्या आधीच जाऊन आली होती. ते मशिनवर होते, मानेला पट्टी, डावा हात उशीवर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की कापड कापताना उजव्या हातात कात्री असते हे सगळ्यांना दिसतं, पण कापड धरतो तो डावा. त्याच्या बोटांत आता जोर नाही. “का मोडला ते कळून मी काय करू, ताई?” त्यांनी डोळे मिटले. ती मशिनची टिकटिक ऐकत थोडा वेळ बसली आणि उठून आली.

ते तिच्या गाडीत येईनात. त्यांचा मुलगा त्यांना आणून सोडायचा, कामावर उशीर करून. ताईला दर खेपेला ते केंद्राच्या दारात दिसायचे. ती मान लववायची, ते बघितलं न बघितलंसं करायचे. मास्तरीणबाई म्हणायच्या, धीर धर. ताई म्हणायची, धीर त्यांनी कशाला धरायचा आणि मी तरी कोणत्या तोंडाने?

जुलैच्या शेवटी एका सोमवारी ती त्यांच्या गल्लीवरून जात होती, तर ते कोपऱ्यावर उभे दिसले. एकटेच. मुलाची पाळी बदलली होती म्हणे. तिने गाडी थांबवली. ते पुढे न बसता सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन बसले आणि जाताना-येताना चकार शब्द बोलले नाहीत. परतीला त्यांच्या दारात तिने उतरून हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. दाराची कड पकडून सावकाश उतरले, पायरीवर दम खाल्ला, आणि पाठमोरेच म्हणाले,

“बुधवारी दहा मिनिटं लवकर ये. मला जिना उतरायला वेळ लागतो.”